उपास सोडायचा दगड

हिवाळा लागला की आमच्या तिरोड्याकडे दोन पाहुणे हमखास येतात. तलावावरची परदेशी बदकं आणि मोबाइल सोडायला निघालेली शहरी माणसं. बदकं न सांगता येतात. माणसं आधी स्टेटस टाकतात : ‘चार दिवस संपर्काबाहेर. कृपया फोन करू नये.’ एरवी तरी कोण करत होतं, हा प्रश्न आपण विचारू नये.

यंदा आमच्या वाट्याला साळ्याचे पुण्याचे साहेब आले. ताडोबात 2018 पासून सफारीत मोबाइल न्यायला बंदी आहे, तिकडेच जा म्हटलं. तर म्हणाले, “बंदीनं सोडण्यात कसला पुरुषार्थ?” म्हणून चोरखमारा. 1923 सालचा तलाव, मागे नागझिऱ्याचं जंगल आणि मोबाइलला टावर भेटला तर भेटला. म्हणजे अन्न नसलेल्या घरात जाऊन उपास करायचा बेत.

वाटेत त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट सांगितली. तिथे 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. गोष्ट छानच आहे. त्यांनी ती रात्री साडेबाराला अंथरुणात, मोबाइलवर वाचली होती.

पोचल्यावर समारंभपूर्वक फोन स्टीलच्या डब्यात गेला, डबा माझ्या ताब्यात आला. (दुसरा फोन खिशातच राहिला. तो ‘फक्त टॉर्चसाठी’.) मग जेवायला बसले, तर उजवा अंगठा ताटाच्या काठावरून खालून वर, खालून वर. वरण गार झालं तरी अंगठा थांबेना. बायकोनं हळूच विचारलं, “भाऊजींना वात आहे का जी?”

सकाळी जिप्सीत गाइडनं जय वाघाची गोष्ट काढली. नागझिऱ्याचा हा वाघ 2013 साली उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, नावारूपाला आला आणि गळ्यात रेडिओ कॉलर असूनही 2016 साली दिसेनासा झाला. खरा संपर्काबाहेर गेला तो हाच, तेही स्टेटस न टाकता. साहेबांना मात्र एवढंच विचारायचं होतं, “त्याचा एखादा व्हिडिओ आहे का?”

तिसऱ्या दिवसापासून त्यांना पक्ष्यांचं वेड लागलं. पहाटे तलावाच्या पाळीवर, दुपारी पाळीवर, संध्याकाळीही पाळीवर. दुर्बीण खोलीतच. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण केवळ साबुदाण्यापुरती नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. साहेब पाळीच्या टोकाला एका दगडावर चढून टॉर्च आकाशाकडे धरून उभे होते. ऊन अजून लख्ख होतं. खाली टिटवी ओरडून बेजार.

“एक काडी येते, जाते,” मला बघून ते म्हणाले. मग जरा घाईनं, “स्टेटस किती जणांनी पाहिलं तेवढंच बघत होतो.”

गाइड मागून बिडी ओढत आला. त्याला काही नवल वाटलं नाही.

“त्या दगडावर नाई भेटत जी साहेब. बाजूच्या दगडावर चढा, जरासं वाकडं उभं राहा. मागच्या हप्त्यातले मुंबईचे मौनवाले तिथंच उभे राहात.”



साहेब उतरले, बाजूच्या दगडावर चढले आणि वाकडे झाले.