चालू शे ना, भो!

जळगावात मे महिन्यात दोन गोष्टी डोक्यात जातात. एक ऊन आणि दुसरी संदर्भसूची. पैकी उन्हाला निदान डोक्यावर रुमाल टाकता येतो. विद्यापीठाच्या रस्त्याला डीटीपीचं दुकान टाकून बसल्यामुळे दुसऱ्या दुखण्याचे रुग्ण थेट माझ्याकडे येतात. प्रबंध लिहून झालेला असतो, मार्गदर्शकांना एकदाचा वेळ मिळालेला असतो, वहिनींनी पेढ्यांचा अंदाजसुद्धा काढलेला असतो, आणि शेवटची वीस पानं तेवढी राहिलेली असतात. आधीची तीनशे पानं माणसाला डॉक्टर करतात. ही वीस पानं त्याला डॉक्टरकडे पाठवतात.

अशातच धुळ्याचे एक सर, पारोळा-एरंडोल करत, एसटीतून घामाघूम उतरले. प्रबंध खानदेशच्या इतिहासावर. पंख्याखाली बसण्याआधीच म्हणाले, "भो, ते तुनं झोटेरो माले इचारस, मी चालू शे का!"

झोटेरो म्हणजे संदर्भ जमवून त्यांची सूची करून देणारं सॉफ्टवेअर. ते सरांना चालू म्हणत नव्हतं. ब्राउझरमधलं त्याचं बटण दाबलं की ते विचारत होतं, संगणकावरचं झोटेरो चालू आहे ना? आणि ते तर समोर टकाटक चालू होतं. सर पडद्याला सांगत होते, "चालू शे ना, भो!" पडदा पुन्हा तेच विचारत होता.

यामागे एक घरगुती इतिहास आहे. झोटेरो २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहासवाल्यांनीच जन्माला घातलं, फुकट, आणि तेही फायरफॉक्स ब्राउझरच्या पोटात. दोघांची चूल एक. २०१७ मध्ये फायरफॉक्सनं जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद केली आणि वाटणी झाली. झोटेरो वेगळं बिऱ्हाड करून राहिलं. ब्राउझरमध्ये मागे राहिला कनेक्टर नावाचा धाकटा भाऊ. वाडा एकच, मधे भिंत. पुस्तकाचं पान उघडलं की धाकटा लेखक, साल, प्रकाशक टिपतो आणि १२७.०.०.१ या पत्त्यावर, २३११९ क्रमांकाच्या खिडकीतून थोरल्याला चिठ्ठी देतो. आता चिठ्ठी पोचत नसेल तर अडलं कुठे, एवढंच बघायचं. कधी अँटिव्हायरस मधे उभा राहतो, कधी फायरवॉल.

दुकानात सरांच्या लॅपटॉपवर मात्र सगळं ठीक चाललं. रोग होता त्यांच्या कॉलेजच्या लॅबमध्ये, आणि सरांची सगळी टिपणं तिथल्याच संगणकात. म्हणून मीच धुळ्याला गेलो. लॅबमध्ये एसी होता, हे मी कामाच्या निकडीत मोजलेलं नाही.

लॅबवाल्या मामांनी आपले उपाय आधीच करून ठेवले होते: संगणक बंद करून चालू, ब्राउझर काढून पुन्हा टाकलेला, तोही सीडीवर जपून ठेवलेला जुनाच, आणि सीपीयूला बाजूनं एक थाप. या थापेला हसू नये, ती कित्येकदा लागू पडते. पण झोटेरोची नाडी बघायची एक साधी रीत आहे. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत थोरल्याचा पत्ता, पुढे खिडकीचा क्रमांक, पुढे कनेक्टर आणि पिंग असं टाकायचं. सगळं ठाकठीक असेल तर कोऱ्या पानावर 'झोटेरो चालू आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते. मी टाकलं, तर भलत्याच सर्व्हरचं पान आलं: असा इथे कोणी नाही.

मग उलगडलं. कॉलेजनं सगळी रहदारी प्रॉक्सीतून नेली होती, पोरांनी पिक्चर बघू नयेत म्हणून. हे नवे ब्राउझर समजूतदार झालेत, घरातलं घरात ठेवतात. हा जुना मात्र आज्ञाधारक. शेजारच्या खोलीतली चिठ्ठीसुद्धा तो आधी वेशीवरच्या दरवानाकडे नेऊन देई. आता १२७.०.०.१ म्हणजे प्रत्येक संगणकाचं स्वतःचंच घर. दरवान चिठ्ठी वाचून स्वतःच्याच खोलीत जाऊन शोधे, तिथे झोटेरो कुठलं असायला? 'नाही' म्हणून परत पाठवी. आणि थोरला इकडे भिंतीपलीकडे वाट बघतोय.

उपाय एका ओळीचा. सेटिंगमध्ये 'यांना प्रॉक्सी नको' असा रकाना असतो, त्यात तो पत्ता लिहायचा. रकान्याला पासवर्ड होता. पासवर्ड लॅब-इनचार्जकडे होता. लॅब-इनचार्ज भुसावळला लग्नात होते. फोनवर बँड ऐकत आम्ही एकेक अक्षर उतरवून घेतलं. "कॅपिटल के, कॅपिटल!" असं ते वरातीतून ओरडत होते, आणि पलीकडे कोणी तरी "नवरदेव निघाला" म्हणून.

चिठ्ठी पोचली. सर एवढे खूश झाले की रात्री शेवभाजीचा आग्रह झाला. आणि मग त्यांनी जमवलेले संदर्भ मी उघडून पाहिले.

झोटेरोची समजूत अशी की नावात स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव. आपल्या याद्या लिहितात 'राजवाडे वि. का.'. त्यामुळे इतिहासाचार्यांचं आडनाव झालं 'का.' आणि पाळण्यातलं नाव 'राजवाडे वि.'. ज्या माणसानं गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, १९२६ च्या अखेरीस ज्यानं धुळ्यातच देह ठेवला, आणि ज्याच्या नावानं दुसऱ्या वर्षी तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं, तो 'क'च्या रांगेत उभा. राजवाड्यांचा राग प्रसिद्ध होता. झोटेरोचं नशीब की त्यांची गाठ पडली नाही.

सालांची गत तीच. जुन्या पुस्तकांवर शके छापलेलं. शके १८२० म्हणजे इसवी १८९८, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला ते साल. पण यंत्राला शके-बिके कळत नाही. त्यानं १८२० धरलं. राजवाडे जन्मले १८६३ साली. त्या हिशेबानं त्यांच्या काळची पुस्तकं ते जन्मायच्या त्रेचाळीस वर्षं आधी तयार होती. सर म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर मिळवत बसू का एकेकाला?" मी म्हटलं, "बसा. इतिहासाचे प्राध्यापक आहात ना?" बसले बिचारे. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफचं तर बोलूच नका. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला एबीसीडीचा भडंग.

सरांना बटणाचा नाद मात्र लागला. जे पान उघडतील ते दाबायचं. ज्या पानावर लेखक-साल सापडत नाही, तेही झोटेरो निमूटपणे 'वेबपेज' म्हणून ठेवून घेतं; नकार देणं त्याच्या स्वभावात नाही. प्रबंधात वापरलेले तेवढेच संदर्भ आपोआप सूचीत यावेत अशी सोय आहे, ती मी त्यांना दाखवलीही होती. पण सरांना भरगच्च सूची हवी होती. त्यांनी अख्खं कपाट निवडून एका फटक्यात सूची काढली आणि बाइंडिंगला दिली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटत 'र'वर आले. राजवाडे आता जागेवर होते. त्यांच्या खाली 'रावेर : केळीचे भाव'. परीक्षकांनी चष्मा वर केला. सरांच्या घशाला कोरड पडली.

"हे शेवटचं कधी बघितलं होतं?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, ते चुकून..."

"ते असू द्या. परतीच्या वाटेवर दोन फण्या घेईन म्हणतो. आज काय भाव चालू आहे?"