जोखीम तुमची, कार्यशाळा आमची

दीड एकरवाल्याला नुसतं शेतकरी म्हणणं आता मागासलेपणाचं. तो उद्योजक आहे. शेतकरी उत्पादक कंपनीचा भागधारक. केंद्राने 2020 मध्ये अशा 10,000 शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली. सपाट प्रदेशात किमान 300 सभासद, व्यवस्थापनाला तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत. चौथ्या वर्षापासून शाश्वतता ज्याची त्याने बघायची.

मग कार्यशाळा. एसी हॉल, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या आणि पडद्यावर 'पर्यावरणपूरक मूल्यसाखळी'. जोखीम घ्या, हे सांगायला महिन्याच्या महिन्याला पगार होणारे साहेब येतात. पावसाच्या भरवशावर सोयाबीन पेरून आलेला गडी मान डोलावतो. (जेवण बरं असतं.) मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या यशस्वी शेतकरी कंपनीचं उदाहरण हमखास निघतं. ते खरंही आहे. फक्त तिथवर पोचायला दशकभर खपावं लागलं, हे सांगायच्या आत पंगत बसते.

घरी आल्यावर कळतं, कंपनी निबंधकाकडे विवरणपत्र उशिरा गेलं की दिवसाला 100 रुपये जादा. सीएची फी वेगळीच. म्हणजे उद्योजकाचा सगळा ताप पदरात पडला. आपल्या मालाचा भाव आपण ठरवायचं तेवढं राहिलं. नाशिकच्या कांदेवाल्यांना विचारा. 8 डिसेंबर 2023 ला एका अधिसूचनेने निर्यात बंद झाली, ती मे 2024 मध्ये उठली, तीही 40 टक्के शुल्कासह. असलं कलम कुठल्या बिझनेस प्लॅनमध्ये लिहायचं?

पुढच्या कार्यशाळेपूर्वी साहेबांचा पगार कांद्याच्या भावाला जोडा, मग जोखमीवर खुशाल तासभर बोलू द्या.