पुन्हा एकदा शुभारंभ

गल्लीत त्यांना सगळे शेठ म्हणतात. धंदा कोणता, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नाही. नव्वदच्या दशकात शेठ एसटीडी बूथमध्ये बसायचे. मोबाइलनं बूथ गिळला, तेव्हा त्यांनी सायबर कॅफे काढला. इंटरनेटही मोबाइलमध्ये आलं, तेव्हा इमू पाळले. इमूला मोबाइलचा धोका नाही, हा हिशेब बिनचूक होता. त्याला गिऱ्हाईकही नाही, एवढंच बघायचं राहिलं.

सध्या गुळाचा चहा. काउंटर तोच, बूथचा. काचेवरच्या ‘पीसीओ’तला ‘पी’ अजून खरवडून निघालेला नाही.

लोकांना वाटतं, शेठना भीती ठाऊकच नाही. छे! इंजेक्शन म्हटलं की हातपाय गार पडतात. बाहेर पडताना गॅसचा नॉब तीनतीनदा बघतात. पण राहत्या घराचे कागद बँकेत ठेवायचे म्हटले, की सही एका झटक्यात, खाली दोन टिंबं देऊन!

मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं कर्ज ‘शिशु’ गटात मोडतं. पन्नाशी उलटल्यावर शेठ शिशु झाले आणि गल्लीभर पेढे वाटले.

धंदा बसला, की शेठच्या तोंडी लक्ष्मणराव किर्लोस्कर. “पहिला लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली त्यांना!”

वहिनी मेथी निवडता निवडता म्हणतात, “हो, पण ती दोन वर्षं ते नांगरच विकत होते. मधेच इमू नाही आणले.”

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पगार झाला की आधी बँकेचा हप्ता, मग किराणा. धोका शेठ पत्करतात, हप्ता वहिनी भरतात. अशी ही बिनकरारी भागीदारी.

मध्यंतरी मेहुणा म्हणाला, “दाजी, आमच्या कंपनीत स्टोअरकीपरची जागा निघालीये. पीएफपण आहे.”

शेठचा चेहरा पांढराफटक. “नोकरी? आणि उद्या कंपनी बंद पडली तर?”

येत्या मेमध्ये वहिनी निवृत्त होतायत. शेठचा मशरूमचा प्रकल्प अहवाल स्पायरल बाइंडिंग करून तयार आहे. वहिनींनीही पोस्टातून बचत पत्राचा फॉर्म आणून ठेवलाय. पाच वर्षं पैशाला हात लावता येत नाही, हे त्यांनी शेठना दोनदा वाचून दाखवलं.

शेठनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “उत्तम! तोवर भांडवल वाढेल.”