पायात लोगो, बुडाखाली काही नाही

दिवसभर उभं राहणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी कंपन्या हल्ली लोगो विणलेले कॉम्प्रेशन मोजे ठोक भावात मागवतात. घोट्याशी घट्ट, वर सैल. त्यामुळे पायात साचणारं रक्त वर चढायला मदत होते. त्यासाठी घोटा-पोटरीचं माप घ्यावं लागतं. ऑर्डर मात्र ‘फ्री साइज’! मीटिंग रंगते लोगोच्या रंगावर, आणि तो पँटखाली झाकलेला. १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम ४४ २०२५पर्यंत उभ्या कामगारांना बसायची सोय द्या म्हणायचं. केरळने २०१८मध्ये, तमिळनाडूने २०२१मध्ये दुकानदारांनाही तसंच बजावलं. हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरच्या शिवारात दिवसभर वाकून हळद वेचणाऱ्या बायांपर्यंत ना मोजे पोचतात, ना कायदा. साहेब, आधी स्टूल द्या. मोज्यांचं मग बघू.