खरं पिंचबेक

आमच्या मावशीकडे पाटल्यांचे दोन जोड आहेत. एक बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरा कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली. परगावच्या लग्नाला निघाली की हा दुसरा जोड हातात चढतो. मांडवात कुणी कौतुक केलंच, तर आवाज खाली आणून म्हणते, "बेंटेक्सच्या गं! रात्रीच्या गाडीनं यायचं, खऱ्या कोण घालून येणार?" बेंटेक्स हे खरं तर एक व्यापारी नाव. पण आपल्याकडे खोटा दागिना कुठल्याही दुकानातून आणा, तो बेंटेक्सचाच.

इंग्रजांनी तर अशा कामाला एका माणसाचं आडनावच लावलं. शब्दकोशात 'पिंचबेक' पाहा. अर्थ दिलेला असतो: नकली, बेगडी. हा ख्रिस्तोफर पिंचबेक लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा नामांकित घड्याळजी. गाणी वाजवणारी, ग्रहताऱ्यांची चाल दाखवणारी घड्याळं बनवायचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं तांब्यात जस्त मिसळून सोन्यासारखा दिसणारा धातू तयार केला. तांबं आणि जस्त म्हणजे पितळच की, त्यात काय मोठं? मोठेपण प्रमाणात होतं. नेहमीच्या पितळेत जस्त तिसऱ्या हिश्शापर्यंत जातं आणि रंग पिवळाधमक येतो. पिंचबेकच्या धातूत ते शंभरात दहा-पंधरा भागच. त्यामुळे तांबूस झाक राहिली आणि सोन्याचा भास झाला. मुलाम्याची गरज नाही, आतबाहेर एकच रंग. पितळ उघडं पडायची भीतीच नाही. ते पहिल्यापासून उघडंच!

या धातूची घड्याळाची डबी, साखळ्या, बुटांची बक्कलं लोक हौसेनं वापरत. वाटमाऱ्यांच्या भीतीनं प्रवासात खरं सोनं घरी ठेवून हेच अंगावर घालत, असंही सांगतात. मावशीची तिकडच्या बायकांशी छान गट्टी जमली असती.

पिंचबेकनं कुणाला फसवलं नाही. सोनं म्हणून नव्हे, आपला धातू म्हणूनच तो विकला. 1732 साली तो गेला आणि पुढच्याच वर्षी मुलानं, एडवर्डनं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली: अस्सल धातू आमच्याकडेच मिळेल, इतरांच्या मालाला भुलू नका. थोडक्यात, 'आमची कोठेही शाखा नाही'. नकली सोन्याच्याही नकला निघाल्या होत्या!

मग 1854 मध्ये इंग्लंडच्या कायद्यानं नऊ कॅरटच्या सोन्याला मान्यता दिली. चोवीसात नऊ भाग का होईना, सोनं ते सोनंच. स्वस्तात ते मिळू लागल्यावर पिंचबेकला कोण विचारतो? धातू मागे पडला, घड्याळं संग्रहालयांत गेली, आणि आयुष्यभर काटे बिनचूक चालवणाऱ्या माणसाचं आडनाव शब्दकोशात खोटेपणाचं विशेषण होऊन बसलं. मला हा अन्यायच वाटतो.

आता जुन्या वस्तूंच्या शौकिनांना अस्सल पिंचबेक हवं असतं आणि त्यासाठी ते चांगले पैसेही मोजतात. पण त्या नावाखाली मुलामा दिलेलं साधं पितळही सर्रास विकलं जातं. तेव्हा लंडनच्या जुन्या बाजारात जाणं झालं आणि तिथे पिंचबेकची साखळी आवडली, तर ती खरी आहे ना, हे जाणकाराला दाखवूनच घ्या.