बेटावरची यादी

आमच्या वर्ध्याहून समुद्र शेकडो कोस दूर. तरी परवा पानठेल्यावर निर्जन बेटावर न्यायच्या दहा सिनेमांची यादी निघाली. प्रत्येकाच्या याद्या दोन. मोठ्यानं सांगायची ‘पथेर पांचाली’पासून सुरू होई, मनातली ‘अशी ही बनवाबनवी’पाशीच संपे. बेटावर बघायला कुत्रंही नसणार, तरी रुबाब सोबत न्यायचाच!

पानठेलेवाला खर्रा घोटता घोटता म्हणाला, “पण बेटावर लाइन राहीन का भाऊ?” सगळे गप्प. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढला की लाइन इथंच राहत नाही.

या भानगडीत न पडलेला एकच माणूस इथून जवळच, सेवाग्रामला राहून गेला. गांधीजींनी १९४४ मध्ये, तेही जुहूला, विजय भट्टांचा ‘रामराज्य’ पाहिला आणि हिंदी सिनेमाशी हिशेब तेवढ्यावरच मिटवला. पुढं १९८२ मध्ये ॲटनबरोंनी त्यांच्यावरच तीन तासांहून लांब सिनेमा काढला; त्याला आठ ऑस्कर मिळाले. आमच्या याद्यांत मात्र त्याला जागा मिळाली नाही. गांधी आम्ही २ ऑक्टोबरला टीव्हीवर बघतो. बेटावर कोण नेतो?