भीमेवरचा चहा

आत्याच्या नातवाने लंडनहून फोटो पाठवला. थेम्स नदी, बोट आणि दुपारच्या चहाबरोबर तीन मजली ताटात केक. दर ऐकून आत्या म्हणाली, "असल्या चहात एवढं काय असतं ते एकदा बघायलाच हवं." आमच्या घरात निकाल आत्या देते, खर्च मी करतो.

आता आपल्याकडे अशी नदी शोधायची. आमच्या श्रीगोंद्याची सरस्वती नदी उन्हाळ्यात बाद. म्हशीसुद्धा तिच्यावर नाराज असतात. तालुक्याच्या वेशीवर पेडगावला भीमा आहे, पण तिथे काठावर बहादूरगड. १६८९ मध्ये कैद केलेल्या संभाजीराजांना तिथेच आणलं होतं. तिथे बशीत चहा ओतायचा विषय कुणी काढला नाही.

मग दौंडवरून भिगवण. उजनी धरणाचं पाणी तिथे असं पसरलंय की पलीकडचा काठ अंदाजानेच धरायचा. होडी मच्छीमाराची. आत्याला नऊवारीवर लाइफ जॅकेट नको होतं. होडीवाला तोवर थट्टेत बोलत होता, तो एकदम थांबला. "आजी, २०२४ च्या मे महिन्यात याच पाण्यात, कुगाव-कळाशीच्या मधे, वाऱ्यानं बोट उलटली. सहा माणसं गेली." आत्याने निमूट पट्टे आवळून घेतले.

रोहित पक्षी दिसले. गुलाबी होते.

आत्याने थर्मास उघडला, कपबश्या मांडल्या, खारीचा पुडा फोडला. त्या कागदाच्या करकरीवर आकाशातून पन्नासेक कुरव खाली आले. शेव टाकून टाकून लोकांनी त्यांना सोकावून ठेवलंय, त्याची किंमत आम्ही मोजली. पहिली खारी आत्याच्या बोटांतून गेली, दुसरी माझ्या दातांतून. पुडा वाचवायला मी उठलो, होडी कलली, होडीवाला ओरडला, "सायेब, खाली बसा!" मी बसलो ते कपबश्यांवर. एक कुरव थर्मासच्या झाकणावर बसून चहाकडे बघत होता. साखर जास्त वाटली असावी, प्यायला नाही. माझ्या विजारीला मात्र तो चहा पुरेपूर मिळाला. आत्या पदराने पक्षी हाकलत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि मधेच इतकी हसायला लागली, की आमचे आतोबा गेल्यापासून तिला तशी हसताना मी पाहिलं नव्हतं. मी भिजलेला तसाच बसून राहिलो.

काठावर उतरल्यावर तिने डोळे पुसले आणि होडीवाल्याला घासाघीस करायला धरलं.

"चहा वजा करून किती झाले?"

"आजी, चहा तुमचाच होता की."

"मग खारीचे त्या पाखरांकडून घे."